मुलाच्या चपला, मुलांच्या चपला आणि इंग्रजीतला वरचा कॉमा

प्रश्न असा आला आहे : “मुलगा सातवीत आहे, सेमी इंग्रजीला. ‘मुलाच्या चपला दाराबाहेर आहेत’ याचं इंग्रजी करताना त्याने बॉय या शब्दाला एस लावला आणि एसच्या नंतर अपॉस्ट्रॉफी दिली. मला ते बरोबर वाटलं, कारण चपला दोन आहेत. बाईंनी चूक दिली. त्याच आठवड्यात माझ्या राजीनाम्याच्या पत्रातल्या ‘दोन महिन्यांची नोटीस’ या इंग्रजी शब्दांवर ऑफिसात कुणीतरी पेन्सिलीने एक टिकली देऊन पत्र परत पाठवलं. ही अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी की नंतर, ते ठरवायचं कसं? एका ओळीत नियम सांगा.”

एका ओळीत हवा तर हा घ्या : आधी मालक किती ते ठरवा, तेवढ्या मालकांचा शब्द पूर्ण लिहून टाका, आणि मगच अपॉस्ट्रॉफीला हात लावा. लिहिलेला शब्द एसवर संपणारं अनेकवचन असेल तर नुसती अपॉस्ट्रॉफी पुरते. नाहीतर अपॉस्ट्रॉफी आणि एस, दोन्ही द्या.

ही ओळ मी 29 वर्षं फळ्यावर लिहीत आले आणि त्याच तासाला, त्याच फळ्यासमोर मुलांना चुकतानाही पाहत आले. नियम तोंडपाठ असतो, उदाहरण आलं की हात दुसरीकडेच जातो. पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आलं की ही चूक इंग्रजीच्या अज्ञानातून होतच नाही. मराठी पक्की असलेलं मूलच ती करतं. म्हणून उत्तर लांबतंय, सांभाळून घ्या.

आधी लिहिण्याची सोय ठरवून घेऊ. इंग्रजी शब्द मी नागरीत लिहिते आहे. शेवटच्या एसचा उच्चार कधी स होतो, कधी झ, कधी इझ. पण आपलं भांडण अक्षराशी आहे, उच्चाराशी नाही. म्हणून ज्या एसबद्दल बोलायचं आहे तो सगळीकडे नुसता ‘स्’ असा लिहीन आणि अपॉस्ट्रॉफी जिथे हवी तिथेच देईन. म्हणजे बॉयस् हे साधं अनेकवचन, बॉय’स् म्हणजे एका मुलाचं, बॉयस्’ म्हणजे मुलांचं. वर्गात आमची मुलं अपॉस्ट्रॉफीला ‘वरचा कॉमा’ म्हणायची. मला ते नाव आवडतं. चुकीच्या जागी पडला तर तो खरोखरच खालच्या कॉमापेक्षा जास्त घोळ घालतो.

आता तुमच्या मुलाची चूक. मराठीत चा, ची, चे, च्या यातलं काय लावायचं हे कशावरून ठरतं? वस्तूवरून. मुलाचा सदरा, मुलाची चप्पल, मुलाचे बूट, मुलाच्या चपला. मालक तोच, तो जागचा हललाही नाही, पण वस्तू बदलली तसा प्रत्यय बदलत गेला. बोलायला लागल्यापासून आपण पुढच्या शब्दाकडे पाहून प्रत्यय निवडतो. सात-आठ वर्षं मुरलेली ही सवय घेऊन मूल इंग्रजीच्या तासाला बसतं. चपला दोन दिसल्या की त्याला वाटतं, इथे काहीतरी अनेकवचनी करायला हवं, आणि बिचारा वरचा कॉमा एसच्या पलीकडे जाऊन बसतो. तुम्हालाही ते बरोबर वाटलं, यात नवल नाही. इंग्रजीतला वरचा कॉमा मात्र पुढे बघतच नाही, त्याचं तोंड मागे, मालकाकडे असतं. चपला दोन असोत, नाहीतर देवळाबाहेर असतात तशा दोनशे, मुलगा एक असेल तर “द बॉय’स् स्लिपर्स”. उलट पाच मुलांची मिळून एकच सायकल असेल तरी “द बॉयस्’ सायकल”.

मग वस्तूच्या संख्येचा काहीच परिणाम नाही? आहे, तो क्रियापदावर. “द बॉयस्’ कोच इज अँग्री” यात मुलं अकरा असली तरी कोच एक आहे, म्हणून ‘इज’. तिथे ‘आर’ लिहिणारी मुलं मी दरवर्षी पाहिली. ‘बॉयस्’ दिसला की त्यांचा हात ‘आर’कडे वळतो. मराठीत आपण “मुलांचे कोच रागावले” म्हणतो तेही कोचला मान द्यायचा म्हणून, मुलं अकरा आहेत म्हणून नाही. मालकाची संख्या वरच्या कॉमाची जागा ठरवते आणि वस्तूची संख्या क्रियापद ठरवते, एवढं वेगळं ठेवलं की वाक्य उभं राहतं.

गंमत अशी की मालक किती, हे दाखवायची सोय मराठीतही आहे, आणि तीही शब्दाच्या डोक्यावरच. मुलाच्या आणि मुलांच्या. फरक एका टिंबाचा. शाळेत शिकलेलं सामान्यरूप आठवा : मुलगा या शब्दाला थेट चा लागत नाही. आधी एका मुलाचं ‘मुला’ होतं, अनेक मुलांचं ‘मुलां’ होतं आणि मग चा येतो. म्हणजे आधी संख्या, नंतर मालकी. इंग्रजीतही हाच क्रम आहे. हे सापडल्यापासून मी नियम शिकवणं जवळजवळ सोडलं आणि वर्गात एवढंच म्हणायला लागले, “टिंब शोधा.” मालकाच्या शब्दावर टिंब आहे? मग अनेकवचन पूर्ण लिहा आणि वरचा कॉमा शेवटी. टिंब नाही? मग एसच्या आधी.

याची खरी परीक्षा दोन मालक एकामागे एक आले की होते. भावाच्या मित्राची गाडी : “माय ब्रदर’स् फ्रेंड’स् कार”. भावाच्या मित्रांची गाडी : “माय ब्रदर’स् फ्रेंडस्’ कार”. भावांच्या मित्राची गाडी : “माय ब्रदरस्’ फ्रेंड’स् कार”. भावांच्या मित्रांची गाडी : “माय ब्रदरस्’ फ्रेंडस्’ कार”. चारही वाक्यं इंग्रजीत मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्याला चारही अगदी सारखीच ऐकू येतात. मराठीत मात्र चारही वेगळी ऐकू येतात, कारण टिंबाचा न कानावर पडतो. या एका बाबतीत आपली भाषा इंग्रजीपेक्षा स्पष्ट आहे आणि आपण त्याचा फायदा घेत नाही. इंग्रजांच्या मुलांना हे टिंब नसतं. त्यांना कानाने काहीच कळत नाही, म्हणून तेही आयुष्यभर चुकतात.

पण टिंबात एक खड्डा आहे, आणि तुमच्याच प्रश्नात तो दिसतोय. तुम्ही लिहिलंत, “बाईंनी चूक दिली.” या बाई किती? एकच. तरी डोक्यावर टिंब आहे, कारण ते मानाचं आहे. सरांचा डबा, आजोबांची काठी, बाबांची गाडी, डॉक्टरांचा दवाखाना. मराठीत मोठ्या माणसाला आपण अनेकवचन देतो, आणि आमच्या वर्गातली संस्कारी मुलं हा मान इंग्रजीतही घेऊन जायची. सर एकच असतात, पण मूल “द टीचरस्’ टिफिन” लिहून मोकळं होतं, म्हणजे साऱ्या शिक्षकांचा मिळून एक डबा. इंग्रजीत मान द्यायला अनेकवचन चालत नाही. तिथे आजोबाही एकवचनी : “ग्रँडफादर’स् स्टिक”. म्हणून टिंब सापडलं की लगेच दुसरा प्रश्न विचारायचा : हे टिंब संख्येचं की मानाचं? मुलांना हा प्रश्न फार आवडतो. ‘पाटलांचा वाडा’ दिला की वर्गात भांडण ठरलेलं. अर्धी मुलं म्हणणार पाटील एकच, मानाने म्हटलंय. अर्धी म्हणणार अख्खं घराणं. दोन्ही बरोबर. मराठीने इथे मोघम राहायची मुभा दिली आहे, इंग्रजी लिहिताना मात्र आधी निवड करावी लागते.

इंग्रजीत हे सगळं सारखंच का ऐकू येतं, याचं कारण जुनं आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीला आपल्यासारख्या विभक्ती होत्या. दगडाला ‘स्तान’ म्हणत. दगडाचा म्हणजे ‘स्तानेस्’, दगड अनेक म्हणजे ‘स्तानास्’ आणि दगडांचा म्हणजे ‘स्ताना’. तीन अर्थांना तीन वेगळी रूपं. पुढे शेवटचे स्वर झिजत गेले आणि तिन्ही कामं एकट्या एसच्या गळ्यात पडली. वरचा कॉमा सोळाव्या शतकात फ्रेंचांकडून आला, तोही गाळलेलं अक्षर दाखवायला. एका मालकाच्या शब्दात तो सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळला. अनेक मालकांच्या शब्दात, एसच्या पलीकडे, तो पक्का व्हायला आणखी शंभरेक वर्षं गेली. म्हणजे भाषेने गमावलेला भेद छापखान्याने कागदावर परत आणला. बोलण्यात मात्र तो परत आलाच नाही. म्हणून श्रुतलेखनात ही चूक काढणाऱ्या शिक्षकांवर माझा राग आहे. सुटा शब्द सांगितलात तर मुलाने ऐकायचं काय?

आता जे शब्द एसने अनेकवचन करत नाहीत. मेन, विमेन, चिल्ड्रेन, पीपल. हे शब्द मुळातच अनेकवचनी आहेत, आणि एसवर संपत नाहीत, म्हणून त्यांना अपॉस्ट्रॉफी आणि एस दोन्ही लागतात : मेन’स्, विमेन’स्, चिल्ड्रेन’स्, पीपल’स्. ‘चिल्ड्रेनस्’’ असं काही नसतं, कारण ‘चिल्ड्रेनस्’ असा शब्दच नाही. पहिली पायरी आठवा : आधी अनेकवचन पूर्ण लिहा. ते ‘चिल्ड्रेन’ इथेच पूर्ण झालं. तरीही 14 नोव्हेंबरला शाळाशाळांच्या फलकांवर तो चुकीचा शब्द फुलांच्या माळेत दिसतोच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 साली मुंबईत स्थापन केलेल्या संस्थेचं नाव मी मुलांना पाठ करायला सांगत असे : पीपल’स् एज्युकेशन सोसायटी. लोकांची शिक्षणसंस्था. एसच्या आधी कॉमा असूनही मालक अनेक. हे एक नाव डोक्यात बसलं की विमेन, चिल्ड्रेन आपोआप मागे येतात.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर ‘लेडीज टेलर’कडे येऊ. कुठल्याही गावच्या बाजारपेठेतून चालत जा, ही पाटी तीन-चार तऱ्हांनी लिहिलेली सापडेल. कुणी कॉमा ‘लेडी’ आणि एसच्या मधे घालतं, पण ‘लेडी’चं स्पेलिंग मात्र अनेकवचनाचं, आय-ई असलेलं, म्हणजे ना एकीचं, ना अनेकींचं. कुणी ‘लेडी’ हा वायवर संपणारा शब्द तसाच ठेवून पुढे कॉमा-एस देतं. ते व्याकरणाने शुद्ध आहे, पण अर्थ होतो एकाच बाईचा शिंपी. बरोबर कसं? लेडी, अनेकवचन करताना वाय जाऊन आय-ई-एस, म्हणजे लेडीस्, आणि मग शेवटी कॉमा : लेडीस्’ टेलर. कॉमा न देता नुसतं ‘लेडीस्’ लिहिलं तरी मी चूक म्हणणार नाही, आणि हे थोडं सविस्तर सांगायला हवं.

इंग्रजीत एक नाम दुसऱ्या नामाचं नुसतं वर्णन करायलाही उभं राहतं. बॉयस् हॉस्टेल, व्हिजिटरस् बुक, फार्मरस् मार्केट. इथे मुलं हॉस्टेलची मालक आहेत असं म्हणायचंय, की मुलांसाठीचं हॉस्टेल एवढंच? दुसरा अर्थ घेतला तर कॉमा गळतो, आणि अमेरिकन वर्तमानपत्रं तो बऱ्याचदा गाळतात. ब्रिटिश वळणाची माणसं ठेवतात. आपल्या शाळांत ब्रिटिश वळण चालतं, म्हणून परीक्षेत कॉमा द्या, पाटीवर नसला तर डोकं धरून बसू नका. एक मात्र सांगते : ही सवलत एसवाल्या शब्दांनाच. ‘विमेन’ आणि ‘चिल्ड्रेन’ यांना एस लावलात की कॉमा लागतोच, कारण कॉमा काढला तर नसलेला शब्द उरतो. विमेन’स् हॉस्टेल, चिल्ड्रेन’स् वॉर्ड. इथे सूट नाही.

ज्यांची नावं कायमची ठरली आहेत तिथे नियम लावत बसू नये, नाव जसं आहे तसं उतरवावं. तुमच्या पगाराच्या कागदावरचंच बघा. 1952 च्या भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्याच्या नावात एम्प्लॉईस्’ आहे, एसच्या नंतर कॉमा. 1948 च्या राज्य कामगार विम्याच्या कायद्यातही तसंच. पण अपघाताच्या भरपाईचा 1923 चा कायदा आधी वर्कमेन’स् होता, म्हणजे एसच्या आधी कॉमा असलेलं अनेकवचन, आणि 2009 च्या दुरुस्तीने त्याचं एम्प्लॉई’स् झालं, म्हणजे एकाच कर्मचाऱ्याचं. तीन कायदे, तीन तऱ्हा. मी निवृत्तीनंतर कार्यालयांच्या इंग्रजी कागदांची मुद्रितं तपासते. तिथे हे तिन्ही एकाच पानावर आले की नवखा माणूस तिघांनाही एकाच साच्यात बसवतो आणि दोन चुका करून ठेवतो.

लंडनच्या भुयारी रेल्वेत अर्ल’स् कोर्ट या स्थानकाला कॉमा आहे आणि त्याच मार्गावर थोडं पुढे असलेल्या बॅरनस् कोर्टला नाही. अमेरिकेत नकाशावरची नावं ठरवणारं सरकारी मंडळ 1890 मध्ये निघालं तेव्हापासून ते गावांच्या, डोंगरांच्या नावांत मालकीचा कॉमा राहू देत नाही. आजवर पाचच नावांना सूट मिळाली, त्यांत पहिलं बेट मार्था’स् व्हिनयार्ड. म्हणजे खुद्द इंग्रजांच्या घरातही एकवाक्यता नाही.

तरीही या कॉमाची ताकद एकाच उदाहरणात दाखवायची तर मी ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला जाते. दोन्हीकडे राणीच्या नावाचं कॉलेज आहे. ऑक्सफर्डचं 1341 मधलं, हेनॉल्टच्या फिलिपा राणीच्या सन्मानार्थ. राणी एक, म्हणून क्वीन’स्. केंब्रिजचं 1448 मध्ये आंजूच्या मार्गारेट राणीने स्थापन केलं आणि 1465 मध्ये एलिझाबेथ वुडव्हिल राणीने त्याची पुन्हा स्थापना केली. राण्या दोन, म्हणून क्वीनस्’. बोलताना दोन्ही नावं तंतोतंत सारखी. मराठीत म्हटलं तर एक राणीचं कॉलेज, दुसरं राण्यांचं. केंब्रिजच्या माणसाला पत्र लिहिताना कॉमा अलीकडे आला तर तुम्ही एका राणीला हाकलून दिलंत.

सणवारांत मात्र अर्थ आधी ठरवावा लागतो. 5 सप्टेंबरला आपण सगळ्या शिक्षकांचा दिवस साजरा करतो, म्हणून मी टीचरस्’ डे लिहिते. मदर’स् डे मात्र एकवचनी. तो दिवस अमेरिकेत रुजवणाऱ्या ॲना जार्विस यांचा आग्रहच होता की प्रत्येक घराने आपापल्या आईचा दिवस पाळावा, जगातल्या साऱ्या आयांचा नव्हे. 1914 साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो जाहीर केला. व्याकरण दोन्हीकडे धडधाकट आहे; डोळ्यासमोर आई किती आणायच्या, एवढाच प्रश्न.

आडनावं. फ्लॅटच्या दारावर पितळी पाटी असते, “द जोशी’स्”. वाचणाऱ्याने विचारायला हवं, त्या एका जोशीचं काय? आपण जोशी मंडळी इथे राहतो असं सांगायचं असेल तर कॉमाच नको : “द जोशीस्”. जोशी मंडळींचं घर असं म्हणायचं असेल तर “द जोशीस्’”. देशपांडे, पाटील, कदम सगळ्यांना हेच. आडनाव वायवर संपत असलं तरी आय-ई करायचं नाही. शेट्टी मंडळींना नुसता एस लागतो, आडनावाचं स्पेलिंग कुणी मोडत नाही. अवघड जागा एसवर संपणाऱ्या आडनावांची. व्यास मंडळी म्हणजे व्यासेस् आणि त्यांचं घर म्हणजे “द व्यासेस्’ हाउस”. गोव्यातले दियास, गोम्स, रॉड्रिग्ज, फर्नांडिस या सगळ्यांची स्पेलिंगं एसवर संपतात. नियमाने त्यांनाही आधी ई-एस लावून अनेकवचन करायचं आणि मग कॉमा. ते दिसायला इतकं लांबलचक होतं की मी सरळ ‘फर्नांडिस फॅमिली’ लिहून ‘फॅमिली’लाच कॉमा-एस लावते. यात पळवाट वाटत असेल तर वाटू द्या. वाचणारा अडखळत असेल तर शुद्ध रूप घेऊन काय करायचं?

याच जातीची चूक ऑफिसात ‘बॉस’बद्दल होते. बॉस या शब्दात मुळातच दोन एस आहेत, त्यामुळे लोक शेवटी नुसता कॉमा ठेवून मोकळे होतात. एक बॉस : बॉस’स् केबिन. अनेक बॉस : बॉसेस्’ केबिन्स. शब्दाच्या शेवटी एस आहे एवढं पाहून चालत नाही. तो एस अनेकवचनाचा आहे का, हे पाहायचं. जेम्ससारख्या व्यक्तिनामाला मात्र नुसता कॉमा देणारेही पुष्कळ आहेत आणि कॉमा-एस देणारेही. एक वळण धरा आणि कागदभर तेच ठेवा.

दोघांची मिळून एक वस्तू असेल तर कॉमा-एस फक्त शेवटच्याला : “राजू अँड संजू’स् रूम”. दोघांच्या वेगळ्या असतील तर दोघांनाही : “राजू’स् अँड संजू’स् टिफिन्स”. मराठीत आपण “राजू आणि संजूची खोली” आणि “राजूचे नि संजूचे डबे” असं म्हणतोच. यावर फार वेळ घालवू नका. तसंच सासवांचं : अनेकवचनाचा एस ‘मदर’ला आणि मालकीचा कॉमा-एस सगळ्या शब्दाच्या शेपटाला, मदरस्-इन-लॉ’स्. मी आयुष्यात हा शब्द दोनदा लिहिला असेन, दोन्ही वेळा प्रश्नपत्रिकेत.

एक सूचना मात्र मनावर घ्या. मराठीत चा कशालाही लागतो : टेबलांचे पाय, घरांची छपरं, डोंगरांच्या रांगा. इंग्रजीत वरचा कॉमा माणसं, प्राणी, संस्था आणि काळ यांच्याकडे रमतो. निर्जीव वस्तूंच्या अनेकवचनाला तो लावला तर चूक नसली तरी कानाला खटकतो. तिथे ‘ऑफ’ घ्यावा : “द रूफ्स ऑफ द हाउसेस”. मालकांची लांब साखळी झाली तरीही ‘ऑफ’ने श्वास घेता येतो. आणि हिज, इट्स, अवर्स, युअर्स, देअर्स ही सर्वनामं स्वतःच मालकीची आहेत, त्यांना कॉमा कधीच नाही.

साध्या अनेकवचनालाही कॉमा नसतो हे सांगायला नको असं वाटतं, पण मुद्रितं तपासताना रोज सांगावं लागतं. हॉटेलातल्या फळीवर ‘ज्यूस’ आणि ‘स्नॅक्स’ यांच्या अंगावर कॉमे पडलेले असतात, फोटो स्टुडिओत ‘फोटो’च्या. डच भाषेत फोटोचं अनेकवचन खरंच कॉमा-एसने होतं, त्यामुळे ॲमस्टरडॅममध्ये ती पाटी शुद्ध ठरेल. इथे नाही.

आता तुमचं पत्र. काळाचं माप मालक होऊ शकतं, हे इंग्रजीचं वेगळेपण नाही. आपणही “दोन महिन्यांची नोटीस”, “पाच वर्षांचा अनुभव”, “दहा दिवसांची रजा” म्हणतो. टिंब आहे आणि ते संख्येचंच आहे, महिन्यांना मान देण्याचं नाही. म्हणून “टू मन्थस्’ नोटीस”, “फाइव्ह इअरस्’ एक्स्पीरिअन्स”, “टेन डेस्’ लीव्ह”. एक महिन्याची असती तर “वन मन्थ’स् नोटीस”. कॉमा नको वाटला तर दोन वाटा आहेत : “फाइव्ह इअरस् ऑफ एक्स्पीरिअन्स”, इथे ‘ऑफ’ने मालकीचं काम केलं, कॉमा गेला, किंवा “अ टू-मन्थ नोटीस”, इथे मधे जोडरेघ आली आणि महिन्याचं अनेकवचनच गेलं. जोडरेघ आणि एस दोन्ही एकदम घातलेले अर्ज मी ढिगाने पाहिले आहेत, ते करू नका.

पेन्सिलीने टिकली देणारा माणूस मन्थस् या शब्दाच्या पलीकडे टिकली देऊन गेला असेल तर तो बरोबर आहे. टीच्या आणि एचच्या वर कुठेतरी असेल तर त्यालाही हे वाचायला द्या. आणि मुलाला सांगा, बाईंनी चूक दिली ती रास्त होती. पण शिक्षा म्हणून दहा वेळा लिहायला लावलं असेल तर त्याऐवजी “बाईंच्या वह्या कपाटात आहेत” हे एकच वाक्य त्याला इंग्रजीत करायला द्या, आणि लिहिण्याआधी बाई किती ते विचारा.